झाकलेला ग्लास

बसा, त्या खिडकीजवळ बसा. कोपऱ्यातलं टेबल तेवढं सोडा, बाकी कुठंही चालेल. गाणं सुरू व्हायला अवकाश आहे. आमचा गिटारवाला आत्ता कुठे तारा जुळवायला बसलाय, आणि त्याचं जुळवणं म्हणजे लग्न जुळवण्यासारखं, लवकर होत नाही. तोवर सूप येईल. त्या टेबलाचं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर आपणहून मी कुणाला सांगत नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं वहिनी म्हणते, पण हा एक तीळ मी वर्षभर भिजवलाय.

हा पब माझ्या दादाचा. तो गल्ल्यावर, वहिनी स्वयंपाकघरात आणि मी टेबलांवर, अशी आमची वाटणी. वर दोन खोल्या, तिथे दादा-वहिनी राहायचे. मी दोन गल्ल्या सोडून राहते. संध्याकाळी गिटारवाला येतो. ताडमाड उंच आहे, म्हणून सगळे त्याला बांबू म्हणतात, आणि तोही ओ देतो. लोक खातात, पितात, गाणं ऐकतात, वेळेवर घरी जातात. मारामाऱ्या नाहीत, आरडाओरडा नाही. घरी स्वयंपाकाचा कंटाळा आलेली माणसं येतात, आणि घरी वाट बघणारं कुणी नसलेलीही येतात.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. अर्धा ग्लास टेबलावर ठेवून गिऱ्हाईक बाहेर निघालं, फोन आला म्हणा, धूर काढायचाय म्हणा, की ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती उचलून ग्लासावर ठेवतं. झाकला ग्लास म्हणजे माणूस परत येणार. त्या ग्लासाला हात लावायचा नाही आणि ती खुर्ची दुसऱ्याला द्यायची नाही. मी इथे कामाला लागले तेव्हा दादाने पहिल्यांदा शिकवलं ते हेच. हात असा सरावला की झाकलेला ग्लास आला की फडकं आपोआप त्याला वळसा घालून पुढे जातं.

दादाचाही एक ग्लास असायचा. बांबूने सूर लावला की गल्ला सोडून, बिअरचा ग्लास घेऊन तो कोपऱ्यात बसायचा आणि बोटातल्या अंगठीने टेबलावर ठेका धरायचा. हौस दांडगी, पण ताल औषधालाही नव्हता. गाणं एकीकडे, याची टकटक भलतीकडे. बांबू मेटाकुटीला यायचा. दादा, तुमच्या पाया पडतो, हात खिशात ठेवा, असं तो माइकवरून सांगायचा आणि सगळा पब हसायचा. दादा सगळ्यात मोठ्याने हसायचा, त्या बसलेल्या घोगऱ्या घशाने.

त्या संध्याकाळी त्याने मधेच ग्लासावर चकती ठेवली, मला म्हणाला, "आलोच," आणि मागच्या दाराने गार हवेत गेला. तिथे रिकाम्या क्रेटवर बसला तो बसलाच. छातीत दुखलं की नाही तेही कुणाला कळलं नाही. वहिनी कांद्याची सालं टाकायला गेली तेव्हा सापडला.

मग गाडी आली, डॉक्टर आले, लोक हळूहळू पांगले. आणि मी काय केलं म्हणाल? टेबलं पुसली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, हात मात्र चालू होते. सगळी ताटं उचलली, सगळे ग्लास उचलले. सकाळी वहिनीला माझ्या घरून घेऊन आले तर लखलखीत टेबलांच्या मधे एकच ग्लास उभा होता, अर्धा, चकतीने झाकलेला. मी उचलायला पुढे झाले तर वहिनीने माझं मनगट धरलं. "राहू दे," ती म्हणाली. "'आलोच' म्हणून गेलेत ते."

मी तो तसाच राहू दिला.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. पब बंद. वहिनी वरच्या खोलीत पडून. डबा न्यावा तर तो तसाच परत यायचा. वीस माणसांचा रांधा हसतखेळत काढणारी बाई पाण्याच्या घोटालाही नको म्हणायला लागली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. मला आई आठवत नाही, वहिनीनेच माझं सगळं केलं, माझ्या वेण्या घालण्यापासून ते माझा मोडलेला संसार आवरण्यापर्यंत. दादा गेला ते गेला, आता हीही हातची जाते की काय, या धास्तीने माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. शेवटी बांबूलाच म्हटलं, बाबा रे, येऊन नुसता वाजव. जिन्यातून वर आवाज तरी जाईल.

तो आला. मी पाव आणि सूप एवढंच ठेवलं, दार उघडलं. ओळखीची सात-आठ माणसं आली, चेहरे पाडून बसली. खिडकीबाहेर अंधारून येत होतं. बांबूने एक संथ गाणं धरलं, आणि जरा वेळाने त्या गाण्याच्या खाली मला ऐकू आलं... टक. टक. टक.

कोपऱ्यातून. रिकाम्या टेबलावरून.

मी हातातली ताटली खाली ठेवली. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वहिनी उतरत होती, कठड्याला धरून, एकेक पायरी. ती तिसऱ्या पायरीवर बसली, कोपऱ्याकडे बघत राहिली, आणि गाणं संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, सूपमध्ये मीठ कमी असणार तुझ्या, दे इकडे. आणि ती वाडगाभर सूप प्यायली. माझा जीव भांड्यात पडला. त्या क्षणी कोपऱ्यात खुद्द यम येऊन बसला असता तरी मी त्याला पाव वाढला असता.

तेव्हापासून सगळं बदललं. वहिनी स्वयंपाकघरात परतली. संध्याकाळ झाली की ती ताजी बिअर ओतायची, कोपऱ्यात नेऊन ठेवायची आणि वर चकती झाकायची. पब आवरताना चकती उचलली की ग्लास रिकामा. रिकामा म्हणजे तळाशी थेंब नाही, फेसाचा डाग नाही, आतून कोरडा ठणठणीत. मी म्हणायचे, दादा तसा नेटकाच होता. मनाला पटवायचं म्हटलं की माणूस काय वाटेल ते पटवतं.

आणि गिऱ्हाईकं म्हणाल तर वाढायलाच लागली. इथे बसलं की बरं वाटतं असं जो तो म्हणे. कुणी म्हणे खुर्च्या बदलल्या का, कुणी म्हणे दिवे बदलले. बदललं काहीच नव्हतं. भांडून आलेली नवरा-बायको एका ताटलीत बटाट्याचे काप खाऊन जायची. कोपऱ्याच्या शेजारचं टेबल लोक मागून घ्यायला लागले. तिथे जरा गारवा असतो, आणि मेणबत्ती नुकती विझवल्यावर वातीचा येतो तसा वास. मेणबत्त्या आम्ही ठेवत नाही. पण तक्रार एकाचीही आली नाही.

एकदा मात्र एक जाडगेले गृहस्थ मोठा घोळका घेऊन आले. त्यांना एक खुर्ची कमी पडली. मी स्वयंपाकघरात होते, तेवढ्यात ते कोपऱ्यातली आणायला गेले. मी धावत बाहेर आले तर ते हात हलवत परत येत होते, चेहऱ्यावर हसू.

"ते बसलेत म्हणाले," त्यांनी मला सांगितलं. "फार सज्जन माणूस. तुमच्या वहिनींच्या हाताचं किती कौतुक करत होते."

कोण, असं मी विचारलं. त्यांनी मागे वळून बघितलं, जरा गोंधळले. चेहरा नाही बघितला बुवा, म्हणाले. पण आवाज काय सुंदर होता, अगदी मखमली.

मी ताटं घेऊन आत आले. दादाचा आवाज कसा होता ते तुम्हाला सांगितलंच आहे. मी पातेली घासली, ती घासलेली पुन्हा घासली, आणि मेल्यावर घसा सुटत असेल, असं स्वतःला सांगून मोकळी झाले.

पण बांबूने ती पळवाटही ठेवली नाही. त्याच आठवड्यात गिटार पिशवीत भरता भरता तो मला म्हणाला, ताई, एक विचारू? हा कोपऱ्यातला ठेका. मला वाटायचं लाकूड वाजतं, पाइप वाजतो, काहीतरी असेल. मग म्हटलं, दादाच असतील, आणि मी रोज मनात नमस्कार करून बसायचो.

"मग?" मी म्हटलं.

"मग काल मी मुद्दाम मधेच लय बदलली. नंतर पुन्हा बदलली." तो अगदी हळू बोलत होता. "कुठेच चुकलं नाही, ताई. मी बदलायच्या आधी तिकडे बदललं... असा पक्का ठेका मला जन्मात कुणी दिला नाही. वाजवताना इतकं सुख मला कधी झालेलं नाही. पण हे दादा नव्हेत."

मी मान डोलावली. जवळची खुर्ची ओढून बसले. बांबू गेला, आणि जाताना कोपऱ्याकडे न बघता गेला.

आता माझी अवस्था बघा. वहिनी खात होती, हसत होती, गालावर रंग आला होता. आयुष्यात कधी गुणगुणली नव्हती ती आता भाजी चिरताना गुणगुणायची, बेसूर, पण गुणगुणायची. आणि हे सगळं कुणाच्या जिवावर? आम्ही एका माणसासाठी जागा राखली आणि तिथे भलतंच कुणीतरी येऊन बसलं. रस्त्याने जाणाऱ्याला दार उघडं दिसावं, खुर्ची मोकळी दिसावी आणि त्याने आत यावं, तसं. सांगावं तर वहिनीचा नवरा दुसऱ्यांदा जाणार. न सांगावं तर ती रोज संध्याकाळी कुणाला ओतून देतेय ते देव जाणे. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी ठरवलं, आपणच तो ग्लास उचलायचा. मी झाकलेला सोडला, मीच उचलेन. ग्लास गेला की राखलेली जागा गेली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला वहिनी ग्लास ठेवून आत वळली. दार अजून उघडायचं होतं. मी फडकं खांद्यावर टाकलं आणि कोपऱ्यात गेले. वातीचा वास दाट होता. बाहेर रस्त्यावर सायकलची घंटी वाजली, मग काही नाही. मी चकतीवर बोटं ठेवली, उचलायला गेले... उचलेना. चिकटली नव्हती हो. वरून कुणीतरी तळवा ठेवलेला असावा तशी ती दाबलेली होती. माझ्या बोटांवरही तो दाब आला, आणि तो उबदार होता. हळुवार होता. आणि माझ्या कानाशी, अगदी शांतपणे, भल्या घरच्या गिऱ्हाइकाने सांगावं तसं कुणीतरी म्हणालं,

"राहू द्या... अजून संपलं नाही."

इतक्या वर्षांची सवय. मी "माफ करा" म्हटलं आणि मागे झाले. खरंच म्हटलं. आता तुम्ही हसा, पण तेव्हा माझ्या पाठीवरून घामाची धार लागली होती.

तडक स्वयंपाकघरात गेले. वहिनी पातेल्यात डाव फिरवत होती. मी दार लावून घेतलं आणि सगळं भडाभडा बोलून टाकलं, जाड्या गृहस्थांचं, बांबूचं, आत्ताचं. बोलताना रडायलाच लागले. तिने डाव थांबवला नाही.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ती म्हणाली.

मी फडक्याने डोळे पुसले.

"यांना जन्मात कधी ठेका धरता आला नाही. बायको आहे मी त्यांची. जिन्यात पहिली टकटक ऐकली तेव्हाच कळलं, हे नव्हेत."

"मग कोण आहे, वहिनी?"

"विचारलं नाही."

"का नाही विचारलं?"

"विचारलं तर सांगेल ना." तिने गॅस बारीक केला, पदराने हात पुसले आणि माझ्यासमोर बसली. लाडात आली की ती मला वन्सं म्हणते. तशी म्हणाली. "हे बघा वन्सं. हे यायचे नाहीत. मला कळत नाही का? वरती एकटी पडले होते तेव्हा मला मरायचंच होतं. आता दिवस कलला की मला भूक लागते. कुणीतरी येतं, मी केलेलं आवडीने खातं-पितं, शांत बसून गाणं ऐकतं. हेसुद्धा इतकं शांत कधी ऐकत नव्हते. काय बिघडलं?"

  आम्ही दोघी मुसमुसून रडलो, मग सूप उतू गेलं, मग ते पुसताना हसलो, आणि दार उघडायची वेळ झाली.

त्यानंतर मीही तो विषय सोडला. झाकली मूठ सव्वा लाखाची. बांबूलाही समजावलं, आणि तो समजला. त्याचं वाजवणं असं काही खुललंय की लांबून माणसं ऐकायला येतात. मी कोपऱ्याजवळून जाताना हल्ली मान लववते. भिते का म्हणाल तर भिते. पण सुखात आहे, हेही खोटं नाही. वर्षभरात वहिनी आजारी पडली नाही, त्या रडण्यानंतर पुन्हा कधी डोळ्यांत पाणी नाही. असं गिऱ्हाईक कुणाला मिळतं?

हे सगळं आज तुम्हाला का सांगत बसले, तर काल सकाळचं मनातून जात नाही, आणि घरी सांगायला मला दुसरं कुणी नाही.

काल सकाळी मी नेहमीसारखी आले. माझ्याकडे किल्ली असते. कुलूप काढलं, आत आले, खुर्च्या खाली घ्यायला लागले. छान ऊन पडलं होतं. वर खोलीत वहिनी गुणगुणत होती. आणि काय सांगू, एकदम सुरात. एरवीचं ते ओढूनताणून नव्हे. एखादीने मन लावून शिकावं, तसं. आणि टक, टक, टक, कुणीतरी तिला ठेका देत होतं. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, सुखी आहे बापडी. मी एका पायरीवर पाय ठेवला आणि हाक मारणार, चहा टाकू का म्हणून.

"दार उघडं का टाकलंस गं?" मागून वहिनी म्हणाली.

ती उंबऱ्यात उभी होती. बाजारातून आली होती, हातात मटारच्या शेंगांची पिशवी, कपाळावर घाम. वरचं गाणं चालूच होतं. तिचाच आवाज. मी तिच्याकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं.  हाक मारायची तर कुणाला मारू, तेच कळेना.

वहिनीने पिशवी टेबलावर ठेवली. मान जराशी तिरकी करून ती ऐकत राहिली, आणि तिचा चेहरा इतका निवला की लग्नाच्या फोटोतही तो तसा नाही.

"हाक मारू नको," ती कुजबुजली. "गाऊ दे तिला... मला नाही जमत इतकं सुरात."

मग तिने खुर्ची ओढली, पिशवी पुढ्यात घेतली आणि शेंगा सोलायला बसली. मीही बसले. वरचं गाणं संपेपर्यंत आम्ही दोघी शेंगा सोलत होतो.